संध्याकाळी उमटलेला ठसा सकाळी गायब का होतो?

माझा पहिला कोस्टर, म्हणजे कपाखाली ठेवायची चकती, गणपतीच्या सुट्टीतला. चार इंचांचा गोल चामड्याचा तुकडा आणि त्यावर अवजारं ठोकून उमटवलेलं पाच पाकळ्यांचं फूल. रात्री साडेदहाला आवरलं तेव्हा फूल झकास उठून दिसत होतं. फोटो काढून दोन-तीन जणांना पाठवलासुद्धा. सकाळी चहाचा कप घेऊन बघायला गेले तर पाकळ्यांच्या कडा बुजलेल्या आणि दाबून बसवलेला भाग फुगून वर आलेला. रात्रीतून कोणी इस्त्री फिरवून गेलं असावं इतकं सपाट.

मला वाटलं, हात हलका पडला. दुसऱ्या तुकड्यावर दणादण ठोकलं. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, "अगं, खलबत्त्यात कुटतेस तरी काय एवढं?" त्यांची माफी मागितली, दुपारी दोन ते चार हात लावायचा नाही असं कबूल केलं आणि पुन्हा ठोकलं. तेही फूल सकाळी गेलं. मग अवजारं स्वस्तातली म्हणून तशी असतील, असं धरून चालले आणि महागातले दोन बेव्हलर (नक्षीची कड उताराने दाबायचं अवजार) मागवले. तिसरं फूलही गेलं.

त्यानंतर चामड्यावरच्या कोरीवकामाच्या नादाला लागलेल्या ओळखीच्या लोकांकडून असाच फोटो मला सात-आठ वेळा तरी आला आहे. सगळ्यांचा पहिला संशय स्वतःच्या हातावर, दुसरा अवजारावर. चामड्यावर आणि पाण्यावर कोणाचाच संशय जात नाही, आणि चोर बहुतेक वेळा तिथेच असतो. म्हणून फोटो आला की मी एकच गोष्ट उलट विचारते: दाबलेल्या जागेचा तळ कुठल्या रंगाचा दिसतोय?

नीट बसलेल्या ठशाचा तळ आजूबाजूच्या चामड्यापेक्षा गडद होतो. रंग न लावता, नुसत्या दाबाने, काडीपेटीतल्या काडीच्या रंगावरून भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाच्या रंगावर जातो. तो गडदपणा आला तर ठसा टिकला. नाही आला तर सकाळी काय दिसणार हे रात्रीच सांगता येतं. खालची सगळी कारणं या एका खुणेवरून शोधायची आहेत.

तळाला रंगच येत नाही

पहिला प्रश्न चामड्याच्या जातीचा. माझ्या पहिल्या तीन फुलांचं उत्तर मला स्टेशनच्या पुलाखाली चपला शिवणाऱ्या काकांनी दिलं. पिशवीचा बंद शिवायला गेले होते, तो उसवलेला बंद पुढे करताना कोस्टरही दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, रापीने कडेची दोऱ्याएवढी फीत काढली आणि उजेडात धरली.

"ताई, मधे निळसर दिसतंय ना? क्रोम आहे हे. बॅगेला एक नंबर. पण ठसा नाही धरणार."

कातडं कमावायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. क्रोममध्ये क्रोमियमचे क्षार वापरतात. काम झटपट होतं, चामडं मऊ आणि लवचीक राहतं, दाबलं तर पुन्हा वर येतं. जाकीट, पर्स, बुटाचा वरचा भाग यांना तेच हवं असतं. दुसरी तऱ्हा झाडांच्या साली-फळांमधल्या टॅनिनची, बाजारात तिला 'व्हेज टॅन' किंवा नुसतं 'व्हेज' म्हणतात. (घरी हे नाव पहिल्यांदा ऐकवल्यावर जो विनोद होतो तो होऊ द्यावा.) व्हेजमध्ये टॅनिन तंतूंच्या मधल्या जागेत भरून बसतं. ओलं झालं की तंतू सरकतात, दाबाल तसे दाबले जातात, आणि वाळले की तसेच राहतात. कोरीवकाम याच एका गुणावर उभं आहे. क्रोमवर ठसा उमटतो तो फक्त पाहुणा म्हणून.

कडेचा निळसर-राखाडी पट्टा ही सोपी खूण, पण तेवढ्यावर विसंबू नका. आरपार रंगवलेल्या क्रोमची कडही तपकिरी दिसते. पाण्याचा थेंब टाकून बघा: व्हेजवर तो मुरतो आणि डाग लगेच गडद होतो. मात्र वरून पॉलिश किंवा लाखेसारखा थर दिलेल्या व्हेजवरही थेंब घरंगळतो, आणि असं चामडं व्हेज असून आपल्या कामाचं नाही, कारण पाणी आत गेलंच नाही तर कोरणार काय? पक्की खात्री हवी तर करंगळीएवढी पट्टी उकळत्या पाण्यात टाका. व्हेजची पट्टी अर्ध्या-एक मिनिटात आक्रसून वेडीवाकडी आणि कडक होते. क्रोमची जवळपास होती तशी राहते. जाळून बघायची एक चाचणी व्हिडिओंमध्ये दाखवतात, ती घरात करू नका. क्रोमच्या धुरात आणि राखेत नको ते निघू शकतं.

व्हेज टॅन म्हणजे परदेशातूनच मागवायची चीज, असा एक समज आहे. आपल्याकडे कोल्हापुरी चप्पल पिढ्यानपिढ्या बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याचीच होते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांच्या नावाने. तेव्हा चामडं आपल्या उंबरठ्यावर आहे. अडचण वेगळीच आहे. कोल्हापुरीच्या तळाचं चामडं म्हशीचं, जाड आणि कडक असतं. त्यावर लोखंडी ठसे सणसणीत उमटतात, पण स्विव्हल नाइफने (बोटांत दांडी फिरवत रेषा कापायच्या सुरीने) पाकळीचं वळण घ्यायला गेलं की पातं अडतं. शिवाय म्हशीच्या चामड्याचा दाणा मोठा, त्यामुळे बारीक रेषा फुटकी दिसते. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हणून इथल्या बाजारात जाड माल मुख्यतः म्हशीचाच. गायीचं गुळगुळीत व्हेज बाहेरून येतं आणि महाग पडतं.

यावर माझा उपाय साधा आहे: म्हशीचं व्हेज घ्यायचं आणि नक्षी मोठी करायची. नवशिके ज्या नक्षीवर भाळतात ती बहुधा अमेरिकेत वायोमिंगमधल्या शेरिडन गावाची, खोगीर बनवणारे कारागीर डॉन किंग (१९२३–२००७) यांच्या नावाने ओळखली जाणारी शैली असते. गोल गोल फिरणाऱ्या वेली, त्यांत दाटीवाटीने बसवलेली छोटी फुलं. ती घोड्याच्या खोगिरासाठीच्या गायीच्या चामड्यावर, आयुष्य घालवलेल्या हातांनी कोरलेली आहे. पहिल्या महिन्यात तिच्या वाटेला जाऊ नका. तीन इंचांचं एकच आंब्याचं पान कोरा. कोयरी काढा, रांगोळीत काढता तशी.

दुकानात चामडं चौरस फुटावर मिळतं, तळाचं जाड चामडं किलोवर. शिकायला अडीच ते तीन मिलिमीटर जाडी घ्या. परदेशी व्हिडिओंत 'आठ औंस' म्हणतात ते साधारण ३.२ मिलिमीटर, एक औंस म्हणजे ०.४ मिलिमीटर धरा. पाकिटाचं १.२ मिलिमीटरचं पातळ चामडं पहिल्याच दिवशी घ्याल तर सुरी आरपार जाईल.

व्हेजच आहे, तरी कडा मऊ आणि बुजऱ्या

आता पाणी. माझं चौथं फूल व्हेजवरचं होतं आणि तेही बिघडलं. गेलं नाही, पण पाकळीची कड धारदार न येता साबणाच्या झिजलेल्या वडीसारखी गोल आली.

मी काय केलं होतं? वाटीत पाणी घेतलं, स्पंजने चामडं चिंब पुसलं आणि ताबडतोब ठोकायला बसले. अवजार लोण्यात जावं तसं आत जात होतं, मला वाटलं काय छान जमतंय. हीच फसवी खूण आहे. अवजार फार सहज आत जातं, कडेला पाणी पाझरतं, तळाचा रंग बदलत नाही आणि 'थप थप' असा बद्द आवाज येतो, म्हणजे पाणी जास्त आहे. ठसा खोल दिसतो, पण वाळताना पसरतो. उलट चामडं फार सुकं असेल तर अवजार वरच्यावर उड्या मारतं, ठसा उथळ आणि फिका येतो, सुरी चरचरते, जोर दिला तर वरचा थर भेगाळतो. बरोबर ओल असताना आवाज कोरडा, ठाम येतो. तो एकदा कानात बसला की बघायचीही गरज राहत नाही.

ती ओल आणायची कशी? कणीक मळून लगेच पोळी लाटत नाही, झाकून मुरू देतो, तसंच. पाणी वरवर लागून उपयोग नाही, ते तंतूंमध्ये सारखं पसरायला हवं. मी आता असं करते: संध्याकाळी तुकडा दोन्ही बाजूंनी स्पंजने नीट भिजवायचा, जाड असेल तर पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचा. वरचं पाणी फडक्याने टिपायचं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून रात्रभर बंद. सकाळी बाहेर काढला की तो गडद असतो. तेव्हा ठोकायचं नाही. नुसता उघडा ठेवायचा. हळूहळू कडेपासून मूळ फिका रंग परत यायला लागतो. रंग जवळजवळ परत आलाय, पण तुकडा गालाला लावला की गार लागतोय, ही वेळ. डोळ्यांना कोरडा, गालाला ओला.

किती वेळ लागेल हे घड्याळावर सांगता येत नाही. माझ्याकडे डोंबिवलीत जुलै महिन्यात दीड तास जातो, एप्रिलमध्ये पंचवीस मिनिटांत वेळ निघून जाते. आणि पंखा बंद करा! हे मला समजायला दोन महिने लागले. मी डोक्यावरचा पंखा पाचावर ठेवून बसायचे आणि फुलाच्या पहिल्या दोन पाकळ्या सुरेख, उरलेल्या तीन फिक्या का येतात म्हणून डोकं खाजवायचे. चामडं पंख्याखाली वरून सुकतं, आत ओलं राहतं, आणि दोन्हींचे तोटे एकदम मिळतात. फारच उकडत असेल तर ज्या भागावर काम चालू नाही तो प्लॅस्टिकच्या कागदाने झाकून ठेवा.

मध्येच सुकलं तर पुन्हा ओलं करायचं, पण स्पंज पिळून, संपूर्ण तुकड्यावरून एकदा हलकेच. फक्त सुकलेल्या जागेवर पाणी लावलं तर तिथे गोल डाग उठतो आणि तो शेवटपर्यंत राहतो. हेअर ड्रायर नको, ऊनही नको.

सुरीने रेषा कापताना ओल किंचित जास्त चालते. बेव्हलर आणि पार्श्वभूमी दाबणारे ठसे किंचित कमी ओलीवर चांगले बसतात. म्हणून क्रमही तसाच आहे: आधी नक्षी ट्रेसिंग फिल्मवरून बोथट टोकाने दाबून उतरवायची (कार्बन पेपर नको, त्याचा डाग निघत नाही), मग सुरी, मग पाकळ्यांमधली छटा, मग बेव्हल, पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. सुरीचे शोभेचे बारीक काप मात्र अगदी अखेरीला, रांगोळीतल्या शेवटच्या ठिपक्यांसारखे.

पिशवीत घातलेला तुकडा विसरू नका. पावसाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यावर बुरशीची लव येते. दुसऱ्या दिवशी वेळ नसेल तर पिशवी फ्रीजमध्ये ठेवा आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा.

ओल बरोबर, रंग अर्धवट

खाली काय ठेवलंय? मी सुरुवातीला जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रांची घडी ठेवून ठोकायचे, आवाज कमी व्हावा म्हणून. निम्मा मार ती घडी खायची. खाली दगड हवा: ग्रॅनाइट, संगमरवर किंवा आपला स्वयंपाकघरातला कडप्पा. ओट्यावर मात्र ठोकू नका, सांध्यातून तडा जाईल. दगडाच्या दुकानाबाहेर कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. फूटभर लांबीचा, मिळेल तितका जाड तुकडा मागून आणा. आवाजाचा उपाय दगडाखाली करायचा, चामड्याखाली नाही. मी दगडाखाली जुनी रबरी चटई दुहेरी घालते आणि टेबलाच्या पायाच्या बरोबर वर दगड ठेवते. काकू आता वर येत नाहीत.

लोखंडी हातोडी वापरू नका. अवजाराचं डोकं पसरतं आणि वरचा मुलामा उडतो. लाकडी किंवा कच्च्या कातड्याची मोगरी घ्या.

पाकळीच्या कडेला जिना झालाय

बेव्हलर कापलेल्या रेषेच्या एका बाजूचं चामडं उताराने खाली दाबतो, त्यामुळे दुसरी बाजू वर आल्यासारखी दिसते. तो उतार सलग हवा. एक ठोका, अवजार उचलून पुढे, परत ठोका, असं केलं की प्रत्येक ठोक्याची पायरी दिसते. माझ्या पाचव्या फुलाला शनिवारवाड्याच्या बुरुजासारख्या पायऱ्या होत्या.

अवजार चामड्यावर दाबून धरायचं नाही, अगदी केसभर वर, बोटांत सैल. ठोका पडतो तेव्हा ते खाली जातं आणि स्वतःच किंचित उसळतं. तेवढ्यात त्याला त्याच्या रुंदीच्या पाव भागाएवढं पुढे सरकवायचं. छोटे, भराभर ठोके. जुन्या शिवणयंत्राच्या सुईचा ताल डोळ्यांसमोर आणा. अवजाराचं जाड टोक नेहमी कापलेल्या रेषेत टेकलेलं हवं, रेषेबाहेर गेलं की उतार आणि रेषा यांच्यात चिमूटभर उभी भिंत उरते. पायऱ्या झाल्याच असतील तर निराश होऊ नका: ओल असेपर्यंत त्याच रेषेवरून कमी जोराने दुसरा फेरा घ्या, बऱ्याच बुजतात.

सुरी अडते, रेषा फाटकी येते

इथे मात्र दोष खरोखर अवजाराचा असू शकतो, आणि तो दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. नवी स्विव्हल नाइफ डब्यातून निघते तेव्हा तिचं पातं दिसायला चकचकीत असतं, धारेच्या मानाने ओबडधोबड. वहीच्या मागचा पुठ्ठा घ्या, त्यावर हिरवी पॉलिशिंग पेस्ट घासा आणि पात्याचा उतार पुठ्ठ्यावर सपाट टेकवून स्वतःकडे ओढा. फक्त ओढायचं, ढकलायचं नाही, नाहीतर धार पुठ्ठ्यात रुतून गोल होते. दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा. मग प्रत्येक फुलाआधी पाच-सहा वेळा. नीट घासलेलं पातं ओल्या चामड्यात आवाज न करता जातं. इतका फरक पडतो की आधीच्या कष्टांचा राग येतो.

पकडही तपासा. तर्जनी वरच्या खोबणीत, ती फक्त खाली दाबणार. अंगठा आणि मधलं बोट दांडी फिरवणार. सुरी बाजूला कलली की काप तिरका जातो आणि बेव्हल करताना पाकळीची कड सुटून पापुद्र्यासारखी वर येते. काप जाडीच्या एक तृतीयांश ते फार तर अर्धा, आणि एकाच ओढीत. दुसऱ्यांदा त्याच रेषेतून सुरी फिरवली की दोन रेषा होतात, एक कधीच होत नाही. वळण अवघड वाटलं तर हाताऐवजी चामडं फिरवा.

तुकडा पसरला, वाकला, काळे डाग पडले

ओलं चामडं ठोकलं की सगळ्या बाजूंना पसरतं. मी केलेल्या पहिल्या पाकिटाची नक्षीची बाजू साध्या बाजूपेक्षा चार मिलिमीटर लांब निघाली आणि शिवताना भोकं जुळेनात. आता ठोकण्याआधी, चामडं मुरलेलं असतानाच, खालच्या खरबरीत बाजूला खोकी बंद करायची रुंद चिकटपट्टी पट्ट्या जोडून लावते आणि काम झाल्यावर काढते. आणि तुकडा आधी मापात कापत नाही. चारी बाजूंनी सेंटीमीटरभर जास्त ठेवून, नक्षी वाळल्यावरच मापात घेते.

काळे-निळे ठिपके पडले तर ते बुरशीचे असतीलच असं नाही. बोटाने पुसून जात नसतील तर लोखंडाचे आहेत. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून काळा रंग होतो हे जुन्या रंगाऱ्यांना ठाऊक होतं. व्हेज चामड्यात टॅनिन भरलेलंच असतं, त्यात ओल आहे, फक्त लोखंड मिळायचा अवकाश. गंजकी पट्टी, कानशीतून उडालेला कीस, बोअरिंगचं लालसर पाणी, स्टील वूलने घासलेला तवा धुऊन न पुसलेले हात, काहीही पुरतं. माझ्या एका कोस्टरवर कपाटाच्या चावीची अख्खी काळी सावली आहे. अशा डागावर लिंबाचा रस कापसाच्या बोळ्याने लावा, पाच मिनिटं थांबा, ओल्या फडक्याने दोनदा पुसून सावलीत वाळू द्या. आधी कापून उरलेल्या कडेवर करून बघा, कारण लिंबाने डागाबरोबर चामड्याचा स्वतःचा रंगही थोडा उतरतो, आणि मग डागाच्या जागी फिका ठिपका दिसू नये म्हणून अख्ख्या तुकड्यालाच लिंबू लावावं लागतं.